कप्तानाची एकतिसावी कॅसेट

बावीस वर्षं मी स्टेनो होते आणि त्यानंतर नऊ वर्षं ट्रान्स्क्रिप्शनिस्ट. दोन्हीकडे काम एकच, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं. फरक इतकाच की स्टेनोसमोर साहेब बसलेला असतो, मधेच चहा मागवतो, आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारतो. दुसऱ्या नोकरीत साहेब सातासमुद्रापलीकडे असतो आणि आपण या जगात आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळी अंक आहे, गमतीजमती लिहा." गमतीजमती आहेत. त्या आधी उरकते, म्हणजे मला जे सांगायचंय त्याला मोकळी होईन.

शॉर्टहँड मी बुधवार पेठेतल्या एका जिन्यावरच्या क्लासमध्ये शिकले, पण धंदा शिकले तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, पेंडसेबाईंच्या हाताखाली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं तसं पत्र मी शब्दन्‌शब्द टाइप केलं. त्यात एक वाक्य अर्धवट होतं आणि जूनच्या एकतीस तारखेला माल पाठवण्याचं वचन होतं. पेंडसेबाईंनी तो कागद दोन बोटांत धरला. म्हणाल्या, "साहेब काय बोलले ते आपण टाइप करत नाही. साहेबांना काय म्हणायचं होतं ते टाइप करतो. कळलं का?" मला कळलं. पुढची बावीस वर्षं मी साहेबांच्या तारखा सुधारल्या, रागाच्या भरात घातलेले शब्द गाळले, सोमवारी ते एक म्हणाले आणि गुरुवारी दुसरंच, तर दोन्ही पत्रं एकमेकांशी जुळवून घेतली. साहेबांना यातलं काही कळायचं नाही आणि ते कळू न देणं हीच आमची हुशारी. मला तिचा अभिमान होता, तो मी आजही नाकारणार नाही.

मग वारं फिरलं. परदेशी भागीदार आले, प्रत्येक साहेबाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि साहेब लोक दोन बोटांनी स्वतःच टाइप करू लागले, चुकांसकट. आम्हा स्टेनोंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. यात स्वेच्छा कोणाची होती ते विचारू नका. निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वय पंचेचाळीस, मुलगा इंजिनिअरिंगला, हे बँकेत. पोळ्या लाटायला माझी ना नाही, पण दिवसभर लाटणार तरी किती?

हडपसरला कुणाल नावाच्या एका तरुणाने नवीन कंपनी काढली होती. अमेरिकेत चार वर्षं राहून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, बोलताना मराठी शब्द आठवावा लागायचा. त्याला इंग्रजी ऐकून न चुकता टाइप करणारी माणसं हवी होती. कॉलेजातली मुलं त्याला पुष्कळ मिळाली, पण स्पेलिंग येणारी मीच. आमची इमारत जिथे होती तिथे काही वर्षांपूर्वी ऊस होता. उसाचे मालक आता इमारतीचे मालक झाले होते आणि दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"बाई, दिसभर कानाला लावून काय ऐकता? गानी हायेत का?"

"नाही हो, अमेरिकेतली माणसं बोलतात."

"अन् तुमी काय बोलता त्यास्नी?"

"काही नाही. मी फक्त लिहून घेते."

"मंग ही कसली नोकरी म्हनायची," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

तर ती नोकरी अशी. अमेरिकेतून छोट्या कॅसेट पार्सलने यायच्या. कानात हेडफोन, टेबलावर यंत्र, पायाखाली पेडल. पाय दाबला की आवाज सुरू, उचलला की बंद, आणि परत दाबला की टेप दोन-तीन शब्द मागे जाऊन सुरू होते. तासाभराच्या कॅसेटला चार-पाच तास लागायचे. नियम तीन. कळलं नाही तर अंदाज करायचा नाही, जागा मोकळी सोडायची. 'अं', 'हं', खोकला, तेच ते शब्द गाळायचे. आणि माणसाने स्वतःचं बोलणं स्वतः दुरुस्त केलं, तर नंतरचं धरायचं, आधीचं सोडायचं. काही शंका असेल तर प्रत्येक कॅसेटबरोबर शेऱ्याचा कागद जायचा, त्यावर एक ओळ लिहायची. बस्स.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक डॉक्टर पेशंटचा अहवाल सांगताना कुरकुरीत काहीतरी खायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक पेशंटच्या हाडांचा आवाज येतोय असं वाटायचं. एक वकील मधेच बायकोवर खेकसायचा. ते गाळायचं असतं, पण आमची स्वाती ते आधी सगळ्यांना ऐकवायची. स्वाती अमरावतीची, हडपसरला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. आमच्या टाइपिंगची तपासणी ती करायची, म्हणजे प्रत्येक कॅसेटचा मधला कुठलाही तुकडा ऐकून कागदाशी ताडून बघायची आणि खाली सही करायची.

मग कप्तान आला. त्याचं नाव सांगत नाही. करारात गुप्ततेचं कलम होतं. कंपनी केव्हाच बंद झाली, पण माझी सवय गेलेली नाही. कप्तान हे मीच ठेवलेलं नाव, तो खरं तर लेखक होता. ऐंशी ओलांडलेला अमेरिकन, तीसेक पुस्तकं नावावर. पंचविशीत मित्राबरोबर लहानशा शिडाच्या होडीतून महासागर ओलांडायला निघाला, ते पहिलं पुस्तक. पुढे वाळवंटातून उंटांबरोबर चालला, बर्फात छोटं विमान घेऊन आपटला, मोती काढणाऱ्यांच्या बेटावर वर्षभर राहिला. जिथे शहाणा माणूस जाणार नाही तिथे हा जायचा आणि परत येऊन पुस्तक लिहायचा. आता दृष्टी गेली होती, हात कापत होते, म्हणून आत्मचरित्र तो टेपवर सांगत होता. कॅसेट ओहायोतल्या एका एजन्सीकडे जायच्या आणि ती एजन्सी त्या गुपचूप आमच्याकडे पाठवायची. कप्तानाची समजूत अशी की आपली टायपिस्ट ओहायोत आहे. "तुमच्याकडेही बर्फ पडला असेल, बाई. पाय गरम ठेवा," असं तो मला सांगायचा, आणि मी हडपसरच्या मार्चअखेरच्या उकाड्यात, बंद पडलेल्या कूलरसमोर, ओला रुमाल मानेवर ठेवून ऐकायची.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं साहस म्हणजे लग्नाआधी एकदा एकटीने कोल्हापूरला जाऊन आले ते. त्यामुळे असेल, पण मला त्या म्हाताऱ्याचं वेड लागलं. त्याच्या कॅसेट मी दुसऱ्या कोणाला देऊ द्यायची नाही. त्याचा कुत्रा, ग्लासातला बर्फ, मागचं घड्याळ, सगळं ओळखीचं झालं होतं. मंडईत भाजी घेताना मला वाऱ्याच्या दिशा आठवायच्या. घरी हे म्हणायचे, "आज तुमचे कप्तान कुठवर पोचले?" मी सांगायची. बऱ्याच वर्षांनी मला परत एक साहेब मिळाला होता.

चौथ्या कॅसेटमध्ये त्याने त्या पहिल्या सफरीचं सांगितलं. मित्राचं नाव वॉल्टर. वादळ होतं, मोठी लाट होडीवरून गेली आणि लाट ओसरली तेव्हा वॉल्टर होडीवर नव्हता. कप्तानाने बघितलं, ऐकलं, काहीच नाही. एकही हाक आली नाही. पहिल्या पुस्तकातही त्याने हेच लिहिलं होतं आणि त्या पुस्तकाने त्याचं नाव झालं. पुढे त्याने असंही सांगितलं की वॉल्टरची बहीण, एडिथ, दर नाताळात त्याला पत्र पाठवते आणि एकच प्रश्न विचारते: माझ्या भावाने हाक मारली होती का? आणि दर नाताळात तो उत्तर लिहितो: नाही. "जन्मभर मी लोकांशी फार बरा वागलो नाही, पण एवढी एक भलाई दर वर्षी करत आलो," असं काहीसं तो म्हणाला होता. मला ते वाक्य फार आवडलं. मी ते टाइप केलं, म्हणूनच ते माझ्या लक्षात आहे.

एकतिसाव्या कॅसेटमध्ये मोत्यांच्या बेटाचं चाललं होतं. पाणबुडे खाली गेले की त्यांच्या बायका होडीत गप्प बसून कशा कान लावतात, ते तो सांगत होता. तोवर त्याची तब्येत उतरली होती, वाक्यं तुटायची, मधेच औषधाची गुंगी यायची. सांगता सांगता तो थांबला. बराच वेळ नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. मग खालच्या आवाजात तो म्हणाला की वॉल्टरने हाक मारली होती. एकदा नाही, पुष्कळदा. आपण ऐकली. शीड उतरवून होडी वळवली असती तर होडी उलटली असती, किंवा उलटेल अशी आपल्याला भीती वाटली, म्हणून आपण वळवली नाही. मग खोकला आला आणि त्यानंतर पुन्हा मोती.

त्याचे नेमके शब्द मला आज सांगता येणार नाहीत. कारण ते मी टाइप केले नाहीत.

मी पेडलवरचा पाय उचलला. टेप मागे घेऊन पुन्हा ऐकलं. शंकेला जागा नव्हती, शब्द कळत होते. तिसरा नियम सांगत होता, माणसाने दुरुस्ती केली की नंतरचं धरायचं. पण चौथी कॅसेट टाइप होऊन, मंजूर होऊन कधीच गेली होती आणि दुरुस्ती आली होती सत्तावीस कॅसेटनंतर, मोत्यांच्या मधोमध. मी स्वतःला म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. पाणबुड्यांच्या बायकांचं बोलता बोलता त्याचा गोंधळ झाला. मी ती सात-आठ वाक्यं गाळली आणि मोत्याला मोती जोडला. सांधा दिसणारही नाही असा, बावीस वर्षांचा हात होता तो.

दुपारी स्वाती कागद घेऊन आली. नेमका तोच तुकडा तिने तपासायला घेतला होता.

"मॅडम, इथं तो काही हाकेबद्दल बोलून राहिला नं? तुमच्या कागदात तर नाही ते."

"भ्रमिष्ट झालाय गं तो. आधी स्पष्ट म्हणालाय, हाक आली नाही म्हणून. त्याचंच पुस्तक त्याच्या अंगावर येऊ द्यायचं का?"

"मग शेऱ्यात लिहू का एक ओळ?"

"नको. एजन्सीवाले उगाच शंभर प्रश्न विचारत बसतील."

ती जराशी घुटमळली. मी वयाने मोठी, तिला टाइपिंगच्या खाचाखोचा शिकवलेली. तिने सही केली.

तो खरोखर भ्रमिष्ट झालाय असं मला वाटलं होतं का? इतकी वर्षं मी हे स्वतःला विचारत आलेय. खरं उत्तर असं की मला तसं वाटून घ्यायचं होतं. माझा कप्तान मित्राची हाक ऐकून न वळणारा माणूस असावा, हे मला सहन होत नव्हतं. साहेबाचं नाव राखायचं, एवढंच मला येत होतं.

चाळिसाव्या कॅसेटनंतर पार्सल आलं नाही. कप्तान गेल्याचं कुणालने सांगितलं. त्या दिवशी मी डबा न खाता तसाच परत नेला. वर्षभराने पुस्तकाची एक प्रत आली. आभाराच्या पानावर 'ओहायोतल्या सोशिक टायपिस्टबाईंचे' आभार होते. करारानुसार मंजुरीनंतर तीन महिन्यांनी कॅसेट चुंबकाच्या यंत्राखाली धरून पुसून टाकायच्या असत. कप्तानाच्या केव्हाच पुसल्या होत्या.

पुस्तक आल्यावर दोन-तीन महिन्यांतच कुणालने मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, जरा सेन्सिटिव्ह आहे. बसा ना. त्या बुकमधल्या वॉल्टरची सिस्टर आहे ना, तिने पब्लिशरला लेटर लिहिलंय. त्यांनी एजन्सीला फॉरवर्ड केलं, एजन्सीने आपल्याला. ती विचारतेय की टेपवर एक्स्ट्रा काही होतं का."

एडिथ तेव्हा नव्वदीला टेकलेली, वृद्धाश्रमात राहणारी. पत्र साधं होतं. पुस्तक तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. माणसं मरायच्या आधी कधी कधी वेगळं बोलतात, असं तिने लिहिलं होतं. टेपवर वेगळं काही होतं का? माझ्या भावाने हाक मारली होती का?

"आपण सगळं टाइप केलंय ना, मॅडम? कारण काही सुटलं असेल तर काँट्रॅक्टचा इश्यू होईल. पंधरा जणांचे जॉब्ज आहेत."

"सगळं केलंय," मी म्हटलं.

"ग्रेट. मग रिप्लाय तुम्हीच ड्राफ्ट करा. तुमचं इंग्लिश चांगलं आहे."

मी ओहायोच्या एजन्सीच्या कोऱ्या लेटरहेडवर उत्तर टाइप केलं, ते तिला तिकडूनच जाणार होतं. टेपवर जे होतं ते सगळं छापील मजकुरात आहे. हाक आल्याचा उल्लेख कुठेही नाही. आणि माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, की यावरून आपल्या भावाला फार यातना झाल्या नसाव्यात असं आम्हाला वाटतं. मला खरंच वाटलं की मी त्या म्हातारीचं भलं करतेय. हाका मारत मारत बुडालेल्या भावाचं ऐकून ती काय करणार होती? कप्तान जन्मभर जी भलाई करत आला तीच आपण पुढे चालवली, असंही मनात आलं. त्या दुपारी मी समाधानाने चहा प्यायले.

तिचं उत्तर एजन्सीमार्फत दीड-दोन महिन्यांनी आलं. तिने आभार मानले होते. मग लिहिलं होतं की सफरीला निघण्याआधी वॉल्टर फार खचला होता. कोणाशी बोलत नव्हता. निघताना त्याने स्वतःचं घड्याळ तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, मला आता याचा उपयोग नाही. चुकून पडलेला माणूस ओरडतो, तिने लिहिलं होतं. ज्याला जगायचं असतं तो हाका मारतो. म्हणून मी इतकी वर्षं विचारत राहिले. कोणीतरी मला सांगावं की तो ओरडला होता, एवढंच मला हवं होतं. पण कप्तानही नाही म्हणत गेला आणि आता टेपही नाहीच म्हणतात. म्हणजे तो आपणहून गेला. तुमच्या पत्रामुळे आता तरी हे नक्की झालं.

मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी आणि कप्तान, दोघं मिळून तिला दर वेळी सांगत होतो की तुझ्या भावाने जीव दिला. आणि ज्या सात-आठ वाक्यांनी तिचा जीव शांत झाला असता ती मी मोत्यांच्या खाली पुरली होती.

साक्षीला कोणी हवं म्हणून मी स्वातीला गाठलं. ती तोवर लग्न होऊन नागपूरला गेली होती. फोनवर ती म्हणाली, "मॅडम, मला खरंच आठवत नाही. तुम्हीच म्हणाल्या होत्या नं, बाबा भ्रमिष्ट झाला म्हणून? मी तर मनातून काढूनच टाकलं ते." तिला दोष कसा देऊ? तिने माझंच ऐकलं होतं.

कुणालला मी सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला आणि म्हणाला, "प्लीज मॅडम, कंपनीच्या नावाने काही नको." मग मी पोस्टातून परदेशी टपालाची पाकिटं आणली आणि घरी बसून स्वतःच्या नावाने, हाताने पत्र लिहिलं. मी ओहायोत नाही, पुण्यात असते. वॉल्टरने हाका मारल्या होत्या. पुष्कळ मारल्या. कप्तानाने ते टेपवर सांगितलं, मी ऐकलं आणि गाळलं. माझं चुकलं. आधीचं पत्र खोटं होतं, तेही मीच लिहिलं. एवढं लिहून झाल्यावर कप्तानाचे शब्द जसेच्या तसे द्यावेत म्हणून मी आठवू लागले, तर एकही आठवेना. जे बोटांतून जातं ते आम्हा लोकांच्या लक्षात राहतं. जे गाळलं ते जातं. तो काय म्हणून हाक मारत होता, नाव घेऊन की नुसताच, किती वेळ, काहीच मला सांगता येईना. अंदाजाने लिहायची माझी हिंमत झाली नाही. पत्र तसंच मोघम पाठवलं.

तिचं उत्तर आलं ते दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरात, खाली तिची वेडीवाकडी सही.

"प्रिय बाई, इतक्या लांबून एका अनोळखी म्हातारीसाठी तुम्ही एवढा त्रास घेतलात. तुम्ही फार चांगल्या असाल. इथल्या नर्सही मला असंच काही ना काही चांगलं सांगत असतात. पण पहिल्या पत्रात तुम्ही मला खरं सांगितलंत, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आता ते मऊ करायला जाऊ नका."

पहिलं पत्र मी एजन्सीच्या लेटरहेडवर, दोन्हीकडे समास सोडून, एकही खाडाखोड न करता टाइप केलं होतं. दुसऱ्यात तीन ठिकाणी शाई फुटली होती. मी तिला तिसरं पत्र लिहायला घेतलं, पुष्कळदा घेतलं. पण ती विश्वास ठेवेल असं एकही वाक्य माझ्याजवळ उरलं नव्हतं.